महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेतील एका विद्यार्थ्याने तांब्याचे एक जुने नाणे वर्गात आणले. घरामागील पडक्या वाड्याच्या जागेवरची माती पावसाने वाहून गेली आणि एके दिवशी सकाळी त्याला ते तेथे पडलेले दिसले. ते हिरवेकाळे झाले होते म्हणून त्याने चिंच आणि राख लावून ते खूप घासले. नाणे लखलखीत झाले; सर्व मुले ते पाहण्यास जमली. मीही प्रथम त्याच्या मेहनतीचे कौतुकच केले. मग ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिले, तेव्हा चूक ध्यानात आली. ती एक शिवराई होती. एका बाजूस छत्रपति या शब्दातील पहिल्या अक्षराची पुसट खूण तेवढी उरली होती. बाकीची अक्षरे चिंचेने आणि राखेने नाहीशी केली होती. ते नाणे वाड्याच्या कोणत्या भागात, किती खोलीवर, कशाच्या सोबत होते, हेही आता सांगता येण्यासारखे राहिले नव्हते.

त्या मुलाचा त्यात दोष नव्हता. जुने नाणे कसे हाताळावे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि ते सांगण्याचे काम आम्हां शिक्षकांचे होते. त्या राहिलेल्या कामाची अंशतः भरपाई म्हणून या वर्षीच्या वार्षिकात एका थोर विद्वानाचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे मी योजिले आहे. मातीतून निघालेली नाणी आणि ताम्रपट वाचण्यात ज्यांचे आयुष्य गेले आणि ज्यांच्या वाचनामुळे आपल्या पांढुर्ण्याचे नाव भारतीय इतिहासाच्या साधनग्रंथांत कायमचे नोंदले गेले, ते महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी हे ते विद्वान होत.

मिराशींचा जन्म १३ मार्च १८९३ रोजी कोकणातील कुवळे या गावी झाला. हे गाव त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात आहे. प्रस्तुत लेख लिहिणाराची मातृभाषा कोकणी असल्यामुळे त्या मुलखाची कल्पना मला चांगली आहे. तांबडी माती, डोंगरउतारावरची घरे, भाताची लहान लहान खाचरे आणि चार महिन्यांचा अखंड पाऊस, असा तो प्रदेश. तेथील पुष्कळ मुलांना शिक्षणासाठी आणि पोटासाठी घाट चढून वर यावेच लागे. मिराशींचे पुढील शिक्षण कोल्हापूर आणि पुणे येथे झाले. संस्कृत हा त्यांच्या आवडीचा विषय. त्यात त्यांनी एम. ए. ची पदवी संपादन केली; कायद्याचाही अभ्यास केला. मुंबईस काही काळ अध्यापन केल्यानंतर १९१९ साली ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कोकणातून आलेला हा तरुण अध्यापक पुढे नागपूरचाच झाला आणि विदर्भाचा प्राचीन इतिहास हे त्याचे जीवितकार्य ठरले.

नागपूर ही तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती. आपला छिंदवाडा जिल्हा, शेजारचा बैतुल, तिकडे जबलपूर, रायपूर आणि बिलासपूर, हे सर्व त्याच प्रांतात होते. वऱ्हाडही त्याला जोडलेले होते. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात कोठेही जुनी नाणी अथवा ताम्रपट सापडले, तर त्यांची वाट बहुधा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाकडे वळत असे. हे संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले असून लोक त्याला अजब बंगला या नावाने ओळखतात. तेथे येणाऱ्या या वस्तू वाचणार कोण, हा प्रश्न होता. पूर्वीच्या पिढीत रायबहादुर हिरालाल यांनी या प्रांतातील कोरीव लेखांची मोठी सूची तयार करून ठेवली होती. १९३४ साली ते निवर्तले. त्यांच्यामागे हे काम ज्यांनी शिरावर घेतले त्यांत मिराशींचे स्थान सर्वांत वरचे आहे. कालिदास आणि भवभूति शिकविणारा हा प्राध्यापक ब्राह्मी अक्षरे, जुन्या लिप्या, संवत्सरांचे गणित आणि नाण्यांवरील चिन्हे यांच्या अभ्यासात शिरला व त्यात तज्ज्ञ झाला.

या कामाचे स्वरूप कळावे म्हणून एका नाणेसंचाची हकीकत सांगतो. १९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा या गावी सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. हे गाव मंगरूळ तालुक्यातले असून आज वाशिम जिल्ह्यात आहे. नाणी सुमारे दीड हजार होती. त्यांत सोने नव्हते, रुपेही नव्हते. पोटीन नावाच्या मिश्रधातूची ती साधी नाणी होती. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व त्याच्याभोवती राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांचे उज्जयिनी चिन्ह, अशी त्यांची घडण होती. सोनाराच्या काट्यावर त्यांचे मोल जवळजवळ शून्य ठरले असते.

आता अडचण अशी की यांपैकी क्वचितच एखाद्या नाण्यावर राजाचे संपूर्ण नाव आढळते. ज्या ठशाने नाणे उमटविले तो नाण्याच्या तुकड्याहून मोठा असे. त्यामुळे एका नाण्यावर नावातील पहिली दोन अक्षरे उमटत, तर दुसऱ्यावर शेवटची तीन. एकटेदुकटे नाणे हाती आले तर वाचक काय करणार? परंतु शेकडो नाणी एकत्र असली म्हणजे एकावरील अक्षरांना दुसऱ्यावरील अक्षरे जोडून घेता येतात. मिराशींनी हेच केले. त्यांनी नाण्यांची प्रतवारी लावली, तुटक अक्षरे परस्परांशी ताडून पाहिली आणि एकेका राजाचे नाव जुळवीत आणले. गौतमीपुत्र सातकर्णीची नाणी त्यांत सर्वांत अधिक निघाली. पुळुमावी, यज्ञ सातकर्णी आणि विजय सातकर्णी यांचीही होती. त्यांशिवाय कुंभ, कर्ण आणि शक या नावांचे सातकर्णीही त्यांत प्रकट झाले. पुराणांतील राजावलीत या तिघांचा पत्ता नव्हता. ज्यांची आठवण कोणत्याही ग्रंथाने ठेवली नव्हती असे राजे वऱ्हाडातील एका खेड्याच्या मातीने परत दिले. १९४० साली मिराशींनी या संचाचे सविस्तर वर्णन भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

तो संच फुटला असता, मुठीमुठीने वाटला गेला असता, तर काय झाले असते? शंभर घरी दहा-पंधरा नाणी राहिली असती आणि प्रत्येक घरी दोन-तीन अपुरी अक्षरे. राजाचे नाव मात्र एकाही घरी नसते. एकत्र सापडलेल्या वस्तू एकत्रच का ठेवाव्यात, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याच सुमारास बस्तर संस्थानातील एडेंगा या ठिकाणी सोन्याच्या नाण्यांचा एक लहान संच उजेडात आला. त्यांवर नंदीची आकृती आणि वराहराज, भवदत्त व अर्थपति या राजांची नावे होती. हे राजे नल वंशाचे, असे मिराशींनी दाखविले. यांतील भवदत्त आणि अर्थपति यांची नावे अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या एका ताम्रपटातही येतात, आणि तो ताम्रपट नंदिवर्धन या नगरीतून दिलेला आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन; ती तर वाकाटकांची राजधानी. तेव्हा बस्तरकडील नल राजांनी काही काळ वाकाटकांचे हे नगर हस्तगत केले असले पाहिजे, हा अर्थ त्यातून निघाला. बस्तरची नाणी आणि अमरावतीचा ताम्रपट यांच्यामध्ये कित्येक कोसांचे अंतर. तथापि दोन्ही एका दृष्टीखाली आले तेव्हाच हरवलेल्या राज्यक्रांतीची कथा जुळली.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. पांढुर्णा येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट मिळालेला आहे. तो त्याच्या राजवटीच्या २९ व्या वर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या मध्यास जवळचा असून भूमिदानाचा आहे. १९६३ साली मिराशींनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचा जो बृहद्ग्रंथ सिद्ध केला, त्यात हा लेख पांढुर्णा ताम्रपट या नावाने अंतर्भूत आहे. जगात ज्या ज्या ग्रंथालयात हा ग्रंथ गेला, त्या त्या ग्रंथालयात आपल्या गावाचे नाव गेले. आपल्यापैकी किती जणांना ही गोष्ट ठाऊक होती? मला स्वतःला ती या भागात येऊन काही वर्षे लोटल्यावर कळली, हे कबूल केले पाहिजे.

वाकाटकांचे ताम्रपट दिसतात कसे, हेही सांगितले पाहिजे. तांब्याचे आयताकृती पत्रे घेऊन त्यांवर अक्षरे कोरीत. प्रत्येक पत्र्यास एक भोक पाडून ते सर्व एका कडीत ओवीत आणि कडीला राजाची मुद्रा जोडीत. अक्षरांच्या डोक्यावर लहानशी चौकट असते. म्हणून त्या लिपीस पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. भाषा संस्कृत असते. आरंभी राजाची वंशावळ, मग दान दिलेल्या गावाचे वा जमिनीचे वर्णन, चतुःसीमा, दान घेणाराचे नाव व गोत्र आणि शेवटी वर्ष, महिना व लेखकाचे नाव. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते जमिनीचे खरेदीखतासारखे कायम दस्तऐवज होत. दान घेणारे कुटुंब ते जिवापाड जपत असे. परचक्र आले की घराच्या भिंतीत किंवा जमिनीत पुरून ठेवीत असे. कुटुंब नाहीसे झाले, घर मोडले, गाव उठले, तरी पत्रे तेथेच राहिले. आपल्या बाजूस जुन्या गावठाणाच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. जुनी वस्ती ज्या पांढरीवर नांदली, त्या पांढरीच्या पोटात असे ठेवे असण्याचा संभव असतो. आणि उठून गेलेल्या गावाची पांढरी नांगराखाली आली म्हणजे तेच ठेवे एखाद्या शेतकऱ्याच्या फाळाला लागतात.

अचलपूरजवळच्या चम्मक गावी १८६८ च्या सुमारास असेच झाले. शेत नांगरताना याच प्रवरसेनाचा एक मोठा ताम्रपट वर आला. त्यात एक हजार ब्राह्मणांना गाव दिल्याचे नमूद आहे. पण दानाला अटी घातलेल्या आहेत. दान घेणारांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी व व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, इतर गावांचे नुकसान करू नये; असे वागतील तोवरच दान चालेल, अन्यथा राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही, असा त्याचा आशय आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजाने प्रजेशी केलेला हा करार शेतकऱ्याच्या नांगराने आपल्यापुढे आणून ठेवला.

परंतु सर्वच ताम्रपटांचे नशीब एवढे चांगले नव्हते. तांबे हे घराघरात लागणारे धातू. अक्षरे न कळणाऱ्या माणसाच्या हाती पत्रा पडला की तो मोडीत जाणार आणि त्याचा तांब्या किंवा घंगाळ होणार, हे ओघानेच आले. असे किती राजे आणि किती गावे वितळून गेली याचा हिशेब आता कोणीही देऊ शकणार नाही. म्हणून अहमदनगरच्या एका तांबट कुटुंबाचे स्मरण येथे अवश्य केले पाहिजे. प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता ही मगधसम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या. वैधव्य आल्यावर अल्पवयी पुत्राच्या नावाने तिने विदर्भाचा राज्यकारभार चालविला. ही गोष्ट ज्या ताम्रपटामुळे जगाला कळली, तो या तांबट घराण्यात पिढ्यानुपिढ्या जपून ठेवलेला होता. तांबे वितळविणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी हे पत्रे मात्र मुशीत घातले नाहीत. त्यामुळे गुप्त आणि वाकाटक या दोन घराण्यांच्या काळाचा मेळ बसला. इतिहासाचे रक्षण केवळ पंडितच करतात असे नाही.

मिराशींच्या चरित्रातील जो प्रसंग मला सर्वांत बोधप्रद वाटतो तो आता सांगतो. १९३४ साली त्यांचा कालिदास हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या महाकवीचा विदर्भाशी निकट संबंध होता, मेघदूतातील रामगिरी म्हणजे आपले रामटेकच, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी पुढे आयुष्यभर साधार मांडले. ग्रंथ प्रसिद्ध होऊन वर्ष होते न होते तोच, १९३५ साली, आपल्या शेजारच्या मुलताई तहसिलीतील पट्टण या गावी प्रवरसेनाचा एक ताम्रपट हाती आला. तो राजवटीच्या २७ व्या वर्षाचा असून एका अन्नसत्रासाठी जमीन दिल्याचा आहे. मिराशींनी तो वाचावयास घेतला. शेवटी लेखकाचे नाव आले, ते कालिदास!

विद्यार्थी मित्रहो, त्या क्षणाची कल्पना करा. ज्या कवीवर नुकताच ग्रंथ लिहिला, ज्याचा विदर्भाशी संबंध जोडण्यासाठी इतका खटाटोप केला, त्याचेच नाव विदर्भाच्या राजाच्या ताम्रपटावर, त्याच शतकातले! कवीचे हस्ताक्षरच सापडले अशी घोषणा केली असती तर देशभर गाजावाजा झाला असता. मिराशींच्या स्वतःच्या सिद्धान्तालाही ती बाब पोषकच होती. पण त्यांनी तसे केले नाही. हा लेखक सेनापतीच्या हाताखाली काम करणारा एक कारकून दिसतो; नाव सारखे आहे एवढ्यावरून तो महाकवी ठरत नाही, असाच निर्णय त्यांनी दिला. जे सत्य ठरावे असे आपल्याला मनापासून वाटते, त्याचीच अधिक कसून परीक्षा घ्यावयाची, हा संशोधकाचा धर्म त्यांनी पाळला. परीक्षेत पेपर लिहिताना किंवा घरी एखादी वार्ता सांगताना आपल्यालाही हा धर्म पाळण्याचे प्रसंग येतात.

वाशिम येथे १९३९ साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट प्रकाशात आला. त्याच्या अभ्यासाने वाकाटकांची एक निराळी शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम, येथे राज्य करीत होती हे स्पष्ट झाले. मिराशींनी या नव्या प्रकाशात अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील झिजलेला शिलालेख पुन्हा तपासला. पूर्वीच्या विद्वानांनी त्यातील काही नावे चुकीची वाचली होती. ती दुरुस्त करून त्यांनी आपले वाचन १९४१ साली प्रसिद्ध केले. हे लेणे वत्सगुल्मच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने कोरविले, आणि त्या राजांची वंशावळ त्या लेखातच दिलेली आहे. एका गावी मिळालेल्या काही पत्र्यांनी जगप्रसिद्ध लेण्यांचा इतिहास सुधारला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मध्यप्रदेशावर मिराशींचे आणखी एक मोठे ऋण आहे. जबलपूरजवळच्या त्रिपुरीचे आणि छत्तीसगडातील रतनपूरचे कलचुरि राजे यांच्या लेखांचा दोन भागांचा ग्रंथ त्यांनी भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्यासाठी तयार केला व तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. इसवी सन २४८-४९ च्या सुमारास सुरू होणाऱ्या कलचुरि-चेदि संवताचे गणित त्यांनी त्यात बारकाईने तपासले आहे. त्यानंतर १९६३ साली वाकाटकांचा व १९७७ साली शिलाहारांचा ग्रंथ आला. शिलाहार हे कोकण आणि कोल्हापूरचे राजे. ज्या भूमीत जन्म झाला तिचे ऋण त्यांनी वयाच्या ८४ व्या वर्षी फेडले, असे म्हणता येईल. इंग्रजीतील या थोर ग्रंथांबरोबरच सामान्य मराठी वाचकासाठी वाकाटक, कलचुरि, शिलाहार आणि सातवाहन यांचे इतिहास त्यांनी मराठीतही लिहिले. संशोधन मुक्तावली या नावाने त्यांचे मराठी लेख अनेक भागांत संगृहीत झाले आहेत. विद्वत्ता पंडितांच्या सभेत आणि अज्ञान लोकांच्या घरी, ही विभागणी त्यांना मान्य नव्हती असेच त्यांच्या या ग्रंथसंभारावरून दिसते.

प्राध्यापकी, प्राचार्यपद, विद्यापीठातील अध्यापन आणि विदर्भ संशोधन मंडळाचे काम त्यांनी दीर्घकाळ केले. १९४१ साली त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली आणि १९७५ साली पद्मभूषण हा सन्मान लाभला. ३ एप्रिल १९८५ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षानंतर, त्यांचे देहावसान झाले. त्यांचे सर्वच निष्कर्ष आज जसेच्या तसे मानले जातात असे नाही. प्रवरसेनाने वसविलेले प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे त्यांचे मत होते. त्यांच्या पश्चात रामटेकजवळच्या मनसर येथे उत्खनन झाले आणि ते मनसर असावे असे काही संशोधक म्हणू लागले. उलट नगरधनविषयीच्या मताला नवा आधार मिळाला. २०१५ ते २०१८ या काळात तेथे झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा निघाली. पुढच्या पिढीने मागच्या पिढीचे म्हणणे पुन्हा तपासावे, यात मागच्याचा अपमान नसून त्याच्या कामाचे सातत्य आहे.

मिराशींच्या काळात वस्तू सापडत त्या नांगराने, कुदळीने किंवा पावसाने. आज धातुशोधक यंत्रे आली आहेत. तारेच्या वेटोळ्यातून विद्युत्प्रवाह सोडला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते; जवळ धातू असल्यास त्यात फरक पडतो आणि यंत्र आवाज करते, हे त्याचे तत्त्व. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असे यंत्र वापरून पाहिले. गोळी सापडली नाही, कारण खाटेच्या लोखंडी स्प्रिंगाही यंत्राला धातूच वाटत होत्या, असे सांगतात. पुढे महायुद्धात भूसुरुंग शोधण्यास या यंत्राचा मोठा उपयोग झाला. आता परदेशांत जुनी उद्याने आणि मोडलेली घरे यांच्या जागी नाणी शोधण्याचा छंद पुष्कळ लोकांना लागला आहे, आणि आपल्याकडेही अशी यंत्रे विकत मिळू लागली आहेत. यंत्र धातू कोठे आहे हे सांगते. तो कोणाचा, केव्हाचा आणि तेथे का, हे सांगत नाही. हिरवे नाणे उपटून खिशात घातले की त्या प्रश्नांचे उत्तर खड्ड्यातच राहते. इंग्लंडमध्ये १९९७ पासून अशा छांदिष्टांनी आपल्या शोधांची नोंद तज्ज्ञांकडे करावी म्हणून सरकारी योजना चालते, व लक्षावधी वस्तूंची नोंद तेथे झाली आहे.

आपल्या देशात १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू कोणास सापडल्यास त्याने तिचे स्वरूप, ठिकाण आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविली पाहिजे. न कळविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कळविणाऱ्याचा मात्र त्या धनातील हक्क कायदा मान्य करतो. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर परवानगीवाचून खणणेच निषिद्ध आहे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा मिळून आपला स्वतंत्र जिल्हा झाला; तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालय आता आपल्या दाराशीच आहे.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, शेतात, नदीकाठी अथवा पडक्या वाड्यात काही जुने आढळले तर तीन गोष्टी करा. ती वस्तू घासू नका, धुऊसुद्धा नका. ती जेथे सापडली ती जागा ध्यानात ठेवा आणि त्याच दिवशी वहीत लिहा. आणि घरच्या वडील माणसांना व शिक्षकांना सांगून ती योग्य हाती पोचवा. पालकांनाही विनंती आहे की माळ्यावर एखादा अक्षरे कोरलेला पत्रा असल्यास तो मोडीत घालण्यापूर्वी एकदा कोणा जाणत्यास दाखवावा. पांढुर्ण्याचा ताम्रपट आज वाचता येतो, याचे कारण तो मिळाल्यावर कोणीतरी तो वितळविला नाही. त्या व्यक्तीमुळेच तो पत्रा मिराशींच्या मेजापर्यंत पोचू शकला.

आमच्या त्या विद्यार्थ्याने आपली शिवराई आता एका कागदी पाकिटात ठेवली असून पाकिटावर सापडल्याची जागा आणि महिना लिहिला आहे. अक्षरे परत येणार नाहीत. तथापि त्या वाड्याच्या जागी दुसरे नाणे वर आले तर ते कसे उचलावे हे त्याला ठाऊक झाले आहे. हे चरित्र वाचून तुम्हां सर्वांना ते ठाऊक झाले, तर मिराशींसारख्या विद्वानाचे स्मरण केल्याचे सार्थक होईल.